“माझ्या नावावर काही नाही”



आजचा विषय जरा जड आहे. चुलीवर काही असेल तर असू दे, पण कान इकडे ठेवा. घरात कोणी विचारलं की रेडिओवर ही बाई काय सांगतेय, तर म्हणा, सातबाऱ्याचं काहीतरी सांगतेय. ते खोटं नाही.

बचत गटांचं काम करताना तालुक्याच्या कोर्टात मला बऱ्याचदा जावं लागतं. मी वकील नाही. गटातल्या एखाद्या ताईची पोटगीची नाहीतर घटस्फोटाची तारीख असते, माहेरचं कोणी सोबत यायला तयार नसतं, मग मी जाते. बाकावर बसून राहायचं, पुकारा झाला की तिला उठवायचं, एवढंच माझं काम. पण बसून बसून कानावर पुष्कळ पडतं. आणि सगळ्यात जास्त वेळा पडलेलं वाक्य म्हणजे, “साहेब, माझ्या नावावर काही नाही.”

हे म्हणणारा माणूस मोटारसायकलवर आलेला असतो. घरी गोठा असतो, उसाची नोंद असते, सोसायटीत शेअर असतात. पण कोर्टात उभा राहिला की तो भूमिहीन मजूर होतो. जमीन बापाची, म्हशी आईच्या, ट्रॅक्टर मेहुण्याचा, आणि डोक्यावर कर्ज मात्र सगळं त्याचं! त्याच्याशेजारी उभी असलेली बाई, जिने दहा वर्षं त्याच म्हशींच्या धारा काढल्या, ती मान खाली घालून ऐकत असते. तिला वाटतं, कागदच नाही आपल्याकडे, आता काय बोलणार.

तर आज आपण यावरच बोलू. नवरा-बायकोचं फाटलं, प्रकरण कोर्टात गेलं आणि नवऱ्याने उत्पन्न लपवलं, तर काय करता येतं.

आधी एक गैरसमज काढून टाकू. पुष्कळ जणींना वाटतं की घटस्फोट झाला की नवऱ्याची निम्मी जमीन बायकोला मिळते. तसा कायदा आपल्या महाराष्ट्रात नाही. शेजारच्या गोव्यात पोर्तुगीज काळापासूनचा वेगळा नागरी कायदा आहे, तिथे लग्नानंतर नवरा-बायकोची मालमत्ता साधारणपणे सामाईक धरतात. आपल्याकडे मिळते ती पोटगी, म्हणजे महिन्याची रक्कम किंवा एकरकमी. शिवाय स्त्रीधन तुमचं असतंच, ते परत मागता येतं. मुलांचा खर्च वेगळा मागता येतो. पण जमिनीचा वाटा आपोआप मिळत नाही.

मग जमीन, जनावरं, पगार हे सगळं कोर्टाला कळून काय उपयोग? उपयोग असा की पोटगीचा आकडा त्यावरूनच ठरतो. सहा हजार कमावणाऱ्याची पोटगी वेगळी आणि तीस हजार कमावणाऱ्याची वेगळी. माणसाने उत्पन्न लपवलं की तो दर महिन्याला तुमच्या मुलाच्या वह्या-पुस्तकांतले, दवाखान्यातले पैसे लपवतो. आणि हिंदू विवाह कायद्याच्या कलम २५ प्रमाणे कायमच्या पोटगीचा बोजा त्याच्या स्थावर मालमत्तेवर चढवता येतो. पण चढवायचा तर ती मालमत्ता आहे हे आधी दिसायला पाहिजे ना!

पूर्वी काय व्हायचं, की ती म्हणायची याला पन्नास हजार मिळतात, तो म्हणायचा पाचही मिळत नाहीत, आणि न्यायाधीश मधेच कुठेतरी अंदाज बांधायचे. त्यात वर्षं जायची. २०२० साली यात मोठा बदल झाला. आपल्याच राज्यातलं, नागपूरच्या कौटुंबिक न्यायालयातून सुरू झालेलं पोटगीचं एक प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं होतं. न्यायमूर्ती इंदू मल्होत्रा आणि न्यायमूर्ती आर. सुभाष रेड्डी यांनी ४ नोव्हेंबर २०२० ला त्याचा निकाल दिला आणि देशभरातल्या कोर्टांसाठी नियम घालून दिले. ही तारीख लिहून ठेवा. वकिलांना “पोटगीचा चार नोव्हेंबर वीसचा निकाल” म्हटलं की कळतं.

त्यात सांगितलं, की पोटगीचा अर्ज कुठल्याही कायद्याखाली असो, दोघांनीही आपलं उत्पन्न, मालमत्ता आणि देणी यांचं शपथपत्र द्यायचं. आपण ज्याला ॲफिडेव्हिट म्हणतो ते. त्याचा नमुनाही निकालाबरोबर जोडलेला आहे. आणि मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे शेतीवर जगणाऱ्यांसाठी वेगळा नमुना आहे. त्यात जमीन किती आणि कुठे, पिकं कोणती, त्यातून मिळतं काय, हे विचारलंय. गाई, म्हशी, शेळ्या, कोंबड्या किती आणि त्यांचं उत्पन्न किती, हेही विचारलंय. जमिनीवर कर्ज आहे का, दुसरं काही उत्पन्न आहे का, तेही. म्हणजे दिल्लीत बसलेल्या न्यायाधीशांना कळलं की म्हैस हेसुद्धा उत्पन्न आहे. आपल्या घरात मात्र ते “दुधाचे चार पैसे” असतात.

समोरच्याने हे शपथपत्र जास्तीत जास्त चार आठवड्यांत द्यायचं. पुढे ढकलायला दोनपेक्षा जास्त संधी द्यायच्या नाहीत. मुद्दाम टाळाटाळ करत असेल तर त्याचा बचाव रद्द करण्याचा अधिकार कोर्टाला आहे. शपथपत्रं आली की अंतरिम पोटगीचा निर्णय चार ते सहा महिन्यांत व्हावा, आणि पोटगी अर्ज केल्याच्या तारखेपासून मिळावी, असंही त्यात आहे. प्रत्यक्षात तालुक्याला यापेक्षा वेळ लागतो, ते तुमच्यापासून लपवून ठेवत नाही. तारखा पडतात, साहेब बदलतात, वकिलांचा संप असतो. पण अर्जाच्या तारखेपासून पोटगी धरायची म्हटल्यावर, त्याने वेळ काढून त्याचा फायदा होत नाही. थकबाकी त्याच्याच डोक्यावर साठते.

आता लपवतात कसं ते बघू. ही जागा मला सविस्तर सांगायची आहे, कारण लपवण्याच्या तऱ्हा गावोगाव सारख्याच असतात.

पहिली तऱ्हा दुधाची. आमच्या एका गटातल्या ताईचं सांगते. तिची परवानगी घेतली आहे, नाव-गाव सांगत नाही. नवऱ्याने शपथपत्रात लिहिलं होतं, मजुरी करतो, महिन्याला सहा हजार मिळतात, जनावरं नाहीत. वकील मॅडमनी तिला विचारलं, “ताई, उत्पन्नाचा काही पुरावा आहे का?” ती म्हणाली, “नाही हो, मला कुठलं काय माहीत.” मग मॅडमनी प्रश्न बदलला. “सकाळी धार किती निघायची?” त्याबरोबर ही घडाघडा बोलायला लागली. दोन म्हशी, सकाळी सहा लिटर, संध्याकाळी चार. फॅट किती लागायची, कुठल्या महिन्यात एक आटली, वैरणीला किती जायचे, दहा दिवसांचं बिल कुठल्या वारी यायचं, सगळं तोंडपाठ. मॅडमनी कागदावर गुणाकार केला. दिवसाला दहा लिटर, पंचेचाळीसचा भाव धरला तर महिन्याचे साडेतेरा हजार. त्यातून वैरण-पेंड वजा केली तरी सहा हजारांची मजुरी सांगणाऱ्या माणसाचं चित्र पालटलं. “मला काय माहीत” म्हणणाऱ्या बाईला त्या घराचा अख्खा जमाखर्च माहीत होता! नुसतं त्याला कोणी हिशोब म्हटलं नव्हतं.

पण आठवण सांगून कोर्टाचं भागत नाही, कागद लागतो. तिच्याकडे माहेरी येताना पर्समध्ये राहून गेलेलं दूध संस्थेचं एक जुनं कार्ड होतं. त्यावर सभासद क्रमांक होता. वकिलांनी अर्ज दिला आणि कोर्टाच्या हुकमाने संस्थेची नोंदवही आली. त्यात दिसलं, की नोटीस मिळाल्यावर दीडच महिन्यात ते खातं नवऱ्याच्या नावावरून सासूच्या नावावर गेलं होतं. म्हशी त्याच, गोठा तोच, दूधही तेवढंच. फक्त नाव बदललेलं. मग “जनावरं नाहीत” या वाक्याची किंमत काय राहिली ते तुम्हीच समजा.

दुसरी तऱ्हा उसाची. नोंद भावाच्या नावावर करायची, म्हणजे बिल भावाच्या खात्यात जातं आणि तिथून रोखीने घरी येतं. इथे जुन्या हंगामाच्या वजनाच्या पावत्या, जुनी बिलं कामाला येतात. मागचे तीन हंगाम ऊस याच्या नावाने गेला आणि नोटीस आली त्याच हंगामात भावाच्या नावाने गेला, तर ते डोळ्यांत भरतं.

तिसरी तऱ्हा जमिनीची, आणि ही सगळ्यात वाईट. भावाला हक्कसोडपत्र करून द्यायचं, नाहीतर बापाला, पुतण्याला बक्षीसपत्र. मग सातबारा काढला तर याचं नाव नाही. पण मैत्रिणींनो, जमीन हलली की फेरफार होतो, आणि फेरफाराला तारीख असते. सातबारा आज काय आहे ते सांगतो, फेरफार काल काय होतं ते सांगतो. म्हणून नुसता सातबारा काढून थांबू नका. आठ-अ काढा, म्हणजे त्या खात्यावर गावात एकूण किती जमीन आहे ते दिसेल. सातबाऱ्यावर फेरफाराचे क्रमांक असतात, ते फेरफार मागा. नोंदणी झालेल्या दस्ताची सूची दोन दुय्यम निबंधकांकडून मिळते. घराचा ग्रामपंचायतीचा आठ नंबरचा उतारा घ्या. हे सगळे कागद सरकारी दप्तरातले आहेत, ते मागायला नवऱ्याची सही लागत नाही. सातबारा तर महाभूमीच्या संकेतस्थळावर गट नंबर टाकून घरबसल्या दिसतो. गावातल्या सेवा केंद्रावर पोरं काढून देतात. मात्र वाचता येणाऱ्या कोणाला तरी बरोबर न्या, नाहीतर शेजारच्या गटाचा उतारा हातात पडतो आणि पैसे जातात.

मग मला विचारतात, “तलाठ्याकडे हरकत घेऊ का?” तलाठी, म्हणजे आताचे ग्राम महसूल अधिकारी, बायकोची हरकत मानतीलच असं नाही, कारण सातबाऱ्यावर तिचं नाव नसतं. जमीन हलण्याच्या आधीच थांबवायची असेल तर कोर्टातून थांबवावी लागते. कौटुंबिक हिंसाचाराच्या २००५ च्या कायद्यात कलम १८ आहे. त्याखाली कोर्ट नवऱ्याला हुकूम देऊ शकतं, की विचारल्याशिवाय मालमत्ता विकायची नाही, लॉकर उघडायचं नाही, बँक खात्याला हात लावायचा नाही, मग ते खाते दोघांचं असो की त्याच्या एकट्याचं. तुमचं स्त्रीधनही त्यात येतं. पण असा अर्ज वेळेत द्यावा लागतो. जमीन गेल्यावर रडत येणाऱ्या बायांची संख्या जास्त आहे, आणि त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. संसार वाचेल या आशेवर त्या थांबलेल्या असतात.

चौथी तऱ्हा म्हणजे वाढवून सांगितलेलं कर्ज. मित्राकडून हातउसने दोन लाख घेतले, असा स्टॅम्प पेपर तयार करतात. अशा वेळी उलटा प्रश्न विचारायचा. महिन्याला सहा हजार मिळतात तर ट्रॅक्टरचा हप्ता कुठल्या खात्यातून जातो? मोटारसायकल कशी आली? मुलाला इंग्रजी शाळेत कोणत्या पैशाने घातलं होतं? माणूस उत्पन्न लपवू शकतो, खर्च लपवणं फार अवघड असतं. आणि एक गंमत बघा. कोर्टात जमीन पडीक आहे म्हणणारा माणूस सोसायटीत पीक कर्ज घेताना काय लिहून देतो? एवढे एकर, एवढा ऊस. पीक विमा भरताना काय लिहितो? एवढं सोयाबीन. दोन्हीकडे सही त्याचीच! पीएम किसानचे वर्षाला सहा हजार त्याच्या खात्यात येत असतील, तर तो शेतकरी आहे हे त्याने सरकारला स्वतःच सांगितलेलं आहे.

नोकरीवाल्यांचं थोडक्यात सांगते. पगारपत्रक, फॉर्म सोळा, भविष्य निर्वाह निधीचा क्रमांक, नोकरीच्या ठिकाणचा पत्ता, एवढं तुमच्याकडे असेल तर कोर्ट तिथून कागद मागवू शकतं. नोकरी सोडली म्हणून सांगणारेही असतात. धडधाकट माणूस कमावू शकतो असंच कोर्ट धरून चालतं, त्यामुळे बसून खातो म्हटल्याने पोटगी चुकत नाही.

आता दुसरी बाजू. ही काही जणींना आवडायची नाही. शपथपत्र दोघांनीही द्यायचं असतं, तेव्हा तुमचंही खरं पाहिजे. शिवणकामाचे पैसे येतात, तर लिहा. लाडक्या बहिणीचे पंधराशे येतात, तर लिहा. गटातली बचत, माहेरून आलेल्या दोन शेळ्या, पतसंस्थेतली ठेव, सगळं लिहा. “लिहिलं तर पोटगी मिळणार नाही” असं सांगणारे सल्लागार गावात पुष्कळ भेटतील. बाई चार पैसे मिळवते एवढ्यावरून पोटगी नाकारता येत नाही, हे त्याच निकालात स्पष्ट आहे. पण खोटं लिहिलं आणि समोरच्या वकिलाने गटाचं पासबुक पुढे केलं, तर तुमच्या बाकीच्या खऱ्या बोलण्यावरही विश्वास राहत नाही. अशी एक तारीख मी पाहिली आहे. आठशे रुपयांच्या शिवणकामापायी त्या बाईची उलटतपासणी तासभर चालली.

आणि देण्यांच्या रकान्याकडे फार लक्ष द्या, कारण तिथे आपल्या गटांचा थेट संबंध येतो. बाईच्या नावावर गटातून कर्ज निघतं. कागदावर कारण लिहिलेलं असतं शेळीपालन. पैसे जातात मालकाच्या बोअरला, नाहीतर ट्रॅक्टरच्या पहिल्या हप्त्याला. बोअरला पाणी लागलं, ते त्याच्या शेतात. पुढे दोघं वेगळी झाली की पाणी त्याचं आणि हप्ता हिचा. गटाच्या बाकीच्या बाया हिच्या दारात उभ्या, कारण हिचा हप्ता थकला की बँकेत सगळ्यांची पत जाते. ही गोष्ट मी माझ्या कामात इतक्यांदा पाहिली आहे, की आता कर्ज मंजूर करताना मी अध्यक्ष-सचिवांना सांगते, पैसा खरोखर कशाला जाणार ते इतिवृत्तात लिहा. बोअरला जाणार असेल तर बोअर लिहा, कोणाच्या गटातल्या बोअरला तेही लिहा. शेळीपालन लिहून ठेवलंत तर पुढे त्या बाईच्या अंगावर कर्जही येतं आणि नसलेल्या शेळ्यांचं उत्पन्नही येतं!

तेव्हा तुमच्या नावावरचं असं प्रत्येक कर्ज शपथपत्रात देणी म्हणून लिहा आणि पैसा कुठे गेला तेही लिहा. सोबत गटाच्या कर्जवहीची, इतिवृत्ताची प्रत जोडा. मायक्रोफायनान्सचं घेतलं असेल तर त्याचं कार्ड. गटाने काय करायचं? वहीत आहे तेवढं लिहून द्यायचं. नवरा चांगला की वाईट, हा निवाडा गटाने करू नये. आपण पंच नाही.

एक शब्द पंचांबद्दलही बोलते, कारण गावाकडे निम्मी प्रकरणं कोर्टापर्यंत जातच नाहीत. चार माणसं बसतात, शंभर-पाचशेच्या स्टॅम्पवर सोडचिठ्ठी लिहितात, “अमुक रक्कम मिळाली, यापुढे कोणतीही तक्रार नाही, आम्ही राजीखुशीने वेगळे राहत आहोत.” बाईचा अंगठा, भावाची सही, चहा, झालं. हिंदू विवाह एरवी अशा कागदाने मोडत नाही, त्याला कोर्टाचा हुकूम लागतो. पण त्यातलं “राजीखुशीने वेगळे राहतो” हे वाक्य फार घातक आहे. संमतीने वेगळ्या राहणाऱ्या बायकोला पोटगी मागता येत नाही, असं पोटगीच्या कलमातच आहे. म्हणजे घटस्फोट तर झाला नाहीच, वर पोटगी नाकारायला समोरच्याला लेखी वाट मिळाली. असा कागद कोणी पुढे केला तर म्हणायचं, “वकिलाला दाखवून येते.” एवढं म्हणायला भांडण लागत नाही.

कोर्टातल्या संमतीच्या घटस्फोटातही आकडा दोघांनी आधी ठरवून आणलेला असतो. तो कशावरून आला हे सहसा कोणी खोदून बघत नाही. तेव्हा तीन लाख देतो म्हणाला तर आधी उतारे बघा, मग हो म्हणा. पहिल्या अर्जानंतर साधारण सहा महिन्यांनी दुसऱ्यांदा हजर व्हायचं असतं. शेवटचा हुकूम होईपर्यंत संमती मागे घेता येते, हे किती तरी जणींना कोणी सांगतच नाही.

आणि खोटं शपथपत्र दिलं तर? शपथेवर खोटं सांगणं गुन्हा आहे, त्यावर कारवाईचा अर्ज कोर्टात देता येतो. पण त्याला जेलमध्ये घालायचं, या एकाच इर्षेने त्यामागे लागू नका. ती वेगळी आणि लांब चालणारी वाट आहे. तुमच्या कामाची गोष्ट ही, की लपवल्याचं दिसलं तर कोर्ट त्याच्याविरुद्ध अनुमान काढू शकतं. जे फक्त त्यालाच माहीत आहे ते सांगण्याची जबाबदारी त्याच्यावर येते. वकिलांमार्फत त्याला लेखी प्रश्न विचारता येतात, बँकेचे कागद हजर करायला लावता येतात. आमच्या त्या दूधवाल्या ताईला शेवटी हेच उपयोगी पडलं. तिला आणि मुलीला मिळून साडेसात हजार अंतरिम पोटगी लागली. त्याच्या “सहा हजारांच्या” कमाईपेक्षा दीड हजार जास्त! कोर्टातून बाहेर पडताना ती हसली, पण थोडंच, कारण पहिला हप्ता यायला अजून चार महिने लागले.

कागद जमवताना एक पथ्य पाळा. त्याच्या मोबाईलचा ओटीपी घेऊन बँक ॲपमध्ये शिरायचं, त्याच्या नावाने खोटी सही करून उतारा काढायचा, असलं काही करू नका. त्यात तुम्हीच अडकाल. जे घरात उघड्यावर आहे, सरकारी दप्तरात आहे, तुमच्या संयुक्त खात्यावर आहे, ते पुरेसं असतं. दूध कार्ड, उसाची पावती, सोसायटीच्या पासबुकाचं पहिलं पान, विजेचं बिल, गाडीचा नंबर. फोटो काढून माहेरी किंवा विश्वासाच्या मैत्रिणीकडे पाठवून ठेवा. भांडण नसलं तरी ठेवा. घरात आग लागली, मालकांना अपघात झाला, तरी हेच कागद लागतात. विधवा मैत्रिणींना विचारा, त्या सांगतील.

मारहाण होत असेल, जिवाला भीती असेल, तर कागद राहू द्या, आधी स्वतः बाहेर पडा. १८१ ला फोन करा. कागद नंतर कोर्टही मागवतं.

तुमची पत्रं आली आहेत, त्यातला एक प्रश्न सहा-सात जणींनी विचारलाय. “जमीन खरोखरच सासऱ्यांच्या नावावर आहे, मग?” सासऱ्यांनी स्वतः घेतलेली जमीन ही नवऱ्याची मालमत्ता धरली जात नाही, ते खरं. पण ती कसतो कोण, पीक नेतो कोण, हे सांगता येतं, कारण पोटगी उत्पन्नावर ठरते. जमीन वडिलोपार्जित असेल तर नवऱ्याचा त्यात हिस्सा आहे, वाटणी झाली नसली तरी. मग फेरफार मागे मागे बघत जायचं, आजोबांपर्यंत. आणि घराचं म्हणाल तर, घर सासूसासऱ्यांच्या नावावर असलं तरी, तुम्ही तिथे संसार केला असेल तर हिंसाचाराच्या कायद्याखाली तिथे राहण्याचा हक्क मागता येतो. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२० मध्ये तसं सांगितलं आहे.

दुसरा प्रश्न, “वकिलाची फी कुठून आणू?” बाईला सरकारी विधी सेवेतून वकील मोफत मिळतो. विधी सेवा प्राधिकरणाच्या १९८७ च्या कायद्यातच तसं आहे, आणि बाईसाठी उत्पन्नाची अट नाही. पिवळं कार्ड लागत नाही. तालुक्याच्या कोर्टाच्या आवारात विधी सेवा समितीचं कार्यालय असतं, तिथे साध्या कागदावर अर्ज द्यायचा. फोन करायचा असेल तर १५१०० हा नंबर. पोटगीचा अर्ज तुम्ही सध्या जिथे राहता तिथल्या कोर्टातही करता येतो, सासरच्या तालुक्याला जायलाच पाहिजे असं नाही. आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं पोटगीचं कलम १४४, म्हणजे पूर्वीचं १२५, हे कोणत्याही धर्माच्या बाईसाठी आहे. आपल्या मुस्लिम मैत्रिणीही विचारत होत्या, म्हणून मुद्दाम सांगितलं.

पुढच्या मंगळवारी याच वेळेला आपण सातबारा आणि फेरफार वाचायला शिकू, रकाना रकाना करून. आपल्या घरचा उतारा हाताशी घेऊन बसा. माहेरचा मिळाला तर तोही आणा. बहिणीचं नाव त्यावरून कधी आणि कसं कमी झालं, तेही त्यात दिसतं.